कोलूतील गाव आणि गाडीचे माप

(मंडळाच्या नवरात्र-संमेलनात दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या व्याख्यानमालेत इतिहास, संगीत, मोडी दफ्तर असे भारदस्त विषय झाले. त्यांच्या रांगेत मी आज खेळण्यातील आगगाडी आणून उभी करीत आहे, याबद्दल काही भुवया उंचावल्या आहेत. परंतु विषय वाटतो तितका पोरकट नाही. आपल्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या बाहुल्यांचे पुढे काय व्हावे, या प्रश्नाशी तो येऊन भिडतो. म्हणून थोडा वेळ मला सांभाळून घ्यावे.

नोकरीनिमित्त अलीकडे महाराष्ट्रातून येथे आलेल्या सभासदांसाठी प्रथम दोन शब्द. नवरात्रात तमिळ घरी 'बोम्मै कोलू' मांडतात. तीन, पाच, सात, नऊ अशा विषम संख्येच्या पायऱ्या, त्यांवर शुभ्र वस्त्र, मधोमध कलश आणि पायऱ्यांवर देवदेवतांच्या व संतांच्या मूर्ती, शेजारी मरप्पाची म्हणजे लाकडी राजाराणीची जोडी. खालच्या पायरीवर धान्याच्या राशी मांडून बसलेला दुकानदार चेट्टियार आणि त्याची पत्नी. रोज संध्याकाळी सुवासिनी येतात, गाणे होते, तांबूल आणि सुंडल दिले जाते. तंजावूरच्या मराठी घरांनी हा सण इतका आपलासा केला आहे, की तो आपला नव्हे असे सांगितले तर आपल्या आज्या रागावतील. त्यात परके असे काही आहे तरी कोठे? महाराष्ट्रात चैत्रगौरीपुढे पायऱ्यांची आरास मांडून घरातील सारी खेळणी तीत बसवीत असत, तिची ही सख्खी बहीणच म्हणावी लागेल.

आता विषयाकडे येतो. कोलूच्या पायऱ्यांपुढे जमिनीवर एक देखावा करण्याची चाल आहे. परातीत माती घालून नाचणी किंवा मोहरी पेरावी, चार दिवसांत शेत उगवते. आरसा ठेवला की तळे झाले. त्याच्या काठी देऊळ, बाजार, लग्नाची मिरवणूक, शेतकरी आणि बैलजोडी. या गावात एके दिवशी आगगाडी आली. पूर्वी ती किल्लीची होती, मग सेलवर चालणारी झाली. आता परदेशी असलेली मुले-नातवंडे खऱ्या गाडीची हुबेहूब प्रतिकृती घेऊन येतात. तिच्या डब्यांना खिडक्या, दारे, पायऱ्या, आत दिवा. गाडी रुळांवर धावू लागते, पाहुणे कौतुक करतात, आणि मग कोणीतरी लहान मूल विचारते, "हा चेट्टियार या गाडीत बसणार कसा?" कारण चेट्टियार बसल्याजागी गाडीच्या दोन डब्यांएवढा उंच असतो.

प्रश्न निरागस आहे, पण त्याला घराघरांतून मिळणारे उत्तर मात्र निरागस नाही. "देखावा विसंगत दिसतो" म्हणून जुन्या बाहुल्या खोक्यात जातात आणि एका मापाचा नवा संच बाजारातून येतो. खोके माळ्यावर चढते आणि घर बदलताना कोणाला तरी देऊन टाकले जाते. मोठ्या वाड्यांतून सदनिकेत राहावयास गेलेल्या कुटुंबांत हे घडताना आपण सर्वांनी पाहिले आहे. मला आज एवढेच सांगावयाचे आहे, की या तंट्यात बाहुलीने हटण्याचे कारण नाही. माप जुळवावयाचे ते गाडीने. आणि ते जुळवता येते, हे मी आकड्यांनिशी दाखविणार आहे.

परंतु आधी हे पाहू, की गाडी येण्यापूर्वी हा प्रश्न कोणालाच का पडला नाही?

वरच्या पायरीवर वीतभर गणपती असतो, त्याच्या शेजारी हातभर पांडुरंग, आणि त्यांच्यामध्ये बोटभर मीरा. ते कधी कोणाच्या डोळ्यांस खुपले नाही. याचे कारण, तेथील माप मोजपट्टीचे नसून भावाचे आहे. ही दृष्टी आपल्या तंजावूरच्या रक्तात आहे. दुसऱ्या सरफोजी महाराजांच्या काळात, म्हणजे १७९८ ते १८३२ या वर्षांत, जिची येथे भरभराट झाली ती तंजावूर चित्रशैली पाहा. मध्यभागी गुटगुटीत बाळकृष्ण चित्र व्यापून बसलेला, आणि भोवतीच्या गोपी त्याच्या गुडघ्याएवढ्या. चित्रकाराला माणसाची उंची ठाऊक नव्हती काय? ठाऊक होती. त्याने थोरवी मोजली, उंची नव्हे. आपल्या शिल्पशास्त्रातील तालमानही असेच बोलते. 'ताल' म्हणजे मूर्तीच्या चेहऱ्याची लांबी. त्या मापाने श्रेष्ठ देवतेची मूर्ती दहा तालांची, सामान्य मनुष्य आठ तालांचा, आणि आपला गणपती अवघ्या पाच तालांचा. म्हणजे शिल्पशास्त्र मूर्तीच्या अंगांचे परस्परांशी असलेले नाते सांगते. शेजारच्या मूर्तीशी तिचे माप जुळलेच पाहिजे असा हट्ट ते धरीत नाही.

महाराष्ट्रातील मुले दिवाळीत मातीचा किल्ला करतात, तेथेही हाच न्याय आहे. सिंहासनावरील शिवाजी महाराज महाद्वाराहून उंच असतात, आणि मावळा बुरुजाला टेकून उभा राहिला तर बुरुजच त्याच्या खांद्याला लागतो. तरी त्या किल्ल्याला खोटा म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

मग आगगाडीनेच हा घोटाळा का करावा? माझ्या मते त्याचे कारण असे. मूर्ती आपल्या जागी स्थिर असते आणि तिचे जग तिच्यापुरते असते. गाडी मात्र साऱ्या देखाव्यातून फिरते. ती देवळापाशी जाते, बाजारापाशी जाते, बैलजोडीपाशी जाते, आणि प्रत्येकाशेजारी क्षणभर आपले दार नेऊन उभे करते. दार हे माणसाच्या मापानेच केलेले असते, हे तीन वर्षांच्या मुलालाही कळते. म्हणून गाडी ही एक चालती मोजपट्टीच आहे. ती आली की भावाचे माप मागे सरते आणि हिशेबाचे माप सुरू होते.

हा अनुभव केवळ आपला नाही. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात स्थायिक झालेले मोरेव्हियन पंथाचे ख्रिस्ती लोक नाताळात येशूजन्माचा देखावा मांडीत. त्याला ते 'पुट्झ' म्हणत, आणि त्याभोवती हळूहळू सारे गाव उभे राहू लागले. पुढे नाताळच्या झाडाभोवती खेळण्यातील गाडी फिरविण्याची प्रथा तेथे घरोघर रुजली. १९७६ साली 'डिपार्टमेंट ५६' या कंपनीने आतून दिवा लागणारी चिनी मातीची घरे बाजारात आणली, आणि दरवर्षी एकदोन घरे घेऊन गाव वाढवीत नेण्याचा छंद हजारो कुटुंबांना जडला. त्या गावांतही आगगाडी शिरली आणि हाच तंटा उभा राहिला. गिरजाघराचे शिखर दुकानाच्या छपराहून जेमतेम उंच, रस्त्यावरचा माणूस दाराला डोके आपटेल इतका मोठा. कारण अशी घरे करणारे कारागीर दारे आणि माणसे साधारण एका मापाने करतात, पण टेबलावर मावावी म्हणून इमारतींचे अंग आखडून घेतात. ते गाव आणि आपला कोलू, दोन्ही ठिकाणी श्रद्धेच्या देखाव्यात यंत्र आले आणि मापाचा प्रश्न घेऊन आले. त्या मंडळींनी त्याची जी उत्तरे शोधली, त्यांतील एक आपल्या फार उपयोगाचे आहे.

ते समजण्यासाठी दोन शब्दांतील भेद ध्यानात घ्यावा लागेल. एक 'प्रमाण', दुसरा 'गेज'. प्रमाण म्हणजे खरी वस्तू प्रतिकृतीच्या किती पट मोठी आहे ते. १:८७ म्हणजे प्रतिकृतीतील एक सेंटिमीटर हा खरे सत्याऐंशी सेंटिमीटर. गेज म्हणजे दोन रुळांमधील अंतर. दुकानात गाडी विकत घेताना आपल्याला बहुधा गेज सांगितले जाते, आणि आपण त्यालाच प्रमाण समजतो. घोटाळ्याचे मूळ येथे आहे.

बाजारातील मुख्य गाड्या अशा. 'एच-ओ' जातीचे रूळ साडेसोळा मिलिमीटर अंतराचे आणि प्रमाण १:८७. 'ओ' जातीचे रूळ बत्तीस मिलिमीटरचे, प्रमाण अमेरिकेत १:४८. आणि बागेत मांडण्यासाठी १९६८ साली जर्मनीत निघालेली मोठी गाडी, तिचे रूळ पंचेचाळीस मिलिमीटरचे, प्रमाण १:२२.५. आता माणसाची उंची १६५ सेंटिमीटर धरू. एच-ओ गाडीशेजारी तो एकोणीस मिलिमीटरचा होईल, म्हणजे हरभऱ्याचे दोन-तीन दाणे एकावर एक ठेवावे इतका. ओ गाडीशेजारी चौतीस मिलिमीटरचा. आणि त्या मोठ्या गाडीशेजारी त्र्याहत्तर मिलिमीटरचा, म्हणजे सुमारे तीन इंचांचा.

एच-ओ जातीचे सुंदर काम पाहावयाचे असेल तर पुण्यास कोथरुड येथे कै. भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय पाहावे. ते १९९८ साली खुले झाले. तेथे रूळ, सिग्नल, घरे, माणसे सारे एका प्रमाणात बेतलेले आहे आणि म्हणून ते जग डोळ्यांना पटते. परंतु तेथे गाडी आधी आणि गाव तिच्या मापाने मागून आले आहे. आपले उलट आहे. आपले गाव आधीपासून वसलेले आहे, त्याचे रहिवासी आजीच्या आजीपासूनचे आहेत, आणि गाडी ही कालची पाहुणी आहे.

तर आपल्या रहिवाशांना मोजू. मोजताना खालची बैठक सोडून टाचेपासून डोक्यापर्यंतच मोजावे. मुकुट, पागोटे, शिरावरची घागर हे सारे वगळावे. देवांना मोजू नये, त्यांचे माप वेगळे आहे हे आत्ताच पाहिले. उभ्या असलेल्या साध्या माणसाची बाहुली घ्यावी, जसे भाजीवाली, शेतकरी किंवा नादस्वरवादक. ती तीन इंची असेल तर प्रमाण सुमारे १:२२ येते. चार इंची असेल तर १:१६. सहा इंची असेल तर १:११. लग्नाचे, बाजाराचे, मिरवणुकीचे जे लहान संच मिळतात, त्यांतील माणसे तीन ते साडेतीन इंचांची असली तर आपण १:२२ ते १:१९ च्या दरम्यान आहोत. याचा अर्थ उघड आहे. दुकानात सहज मिळणारी एच-ओ गाडी आपल्या गावात कधीच शोभणार नाही. ती आपल्या शेतकऱ्याच्या घोट्याशी धावेल.

मग पंचेचाळीस मिलिमीटरची मोठी गाडी आणावी काय? हिशेबाने ती अगदी नेमकी बसते, आणि त्यात आपल्या गावाचा एक योगायोगही आहे. नागपट्टणमहून तंजावूरला रेल्वे आली ती १८६१ साली, आणि ती रुंद रुळांची, पाच फूट सहा इंचांची होती. १८७० नंतरच्या दशकात ते रूळ काढून मीटर गेज घातले गेले, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपासून मीटर गेज जाऊन पुन्हा रुंद रूळ आले. येथील वडीलधाऱ्यांच्या आठवणीत जी गाडी शिट्टी घालते ती मीटर गेजची. आता एक मीटर म्हणजे हजार मिलिमीटर. त्याला पंचेचाळीसांनी भागा, बावीस आणि थोडे येतात. म्हणजे पंचेचाळीस मिलिमीटरच्या रुळांवर मीटर गेजची गाडी तंतोतंत १:२२ च्या प्रमाणात उभी राहते, आणि आपली तीन इंची भाजीवाली पाटी घेऊन तिच्या डब्यात सुखाने चढू शकते. ही जात मुळात आल्प्समधील मीटर गेजच्या गाड्यांसाठीच निघाली, त्यामुळे हे गणित जुळते.

अडचण आहे ती जागेची. या रुळांचे लहानात लहान नेहमीचे वर्तुळदेखील चार फूट व्यासाचे होते, आणि डबे वळणावर बाहेर येतात त्यासाठी आणखी जागा सोडावी लागते. मोठा दिवाणखाना असलेल्यांनी अवश्य मांडावी. बाकीच्यांनी काय करावे? येथे ते परदेशी उत्तर कामास येते.

नाताळच्या गावांत १:४८ ची माणसे होती, पण ओ जातीची मोठी गाडी टेबलावर मावत नव्हती. तेव्हा त्या लोकांनी असा विचार केला, की मोठ्या माणसांची पण अरुंद रुळांची गाडी जगात होती की नाही? होती. अडीच फूट अंतराच्या रुळांची. अडीच फुटांना १:४८ ने लहान केले तर सुमारे सोळा मिलिमीटर येतात, आणि साडेसोळा मिलिमीटरचे एच-ओ रूळ तर घरोघर होतेच. म्हणून रूळ एच-ओचे आणि वरचे इंजिन-डबे ओच्या मापाचे, अशी 'ओ-एन-थर्टी' नावाची जात त्यांच्यात रूढ झाली. चाके लहान जागेत वळतात आणि दार मोठ्या माणसाला पुरते.

ही युक्ती ऐकताना मराठी माणसाला एकच नाव आठवले पाहिजे. अडीच फुटी रूळ म्हणजे आपली बार्शी लाइट रेल्वे! एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७ साली सुरू केलेली, पुढे एकीकडे पंढरपूर-मिरजेपर्यंत आणि दुसरीकडे लातूरपर्यंत गेलेली. वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्या या चिमुकल्या गाडीच्या डब्यांत दाटीवाटीने बसून विठ्ठलाच्या पायांशी पोचल्या. आता तेथेही रुंद रूळ पडले आहेत, पण आपल्या कोलूत ती धावावयास कोणाची आडकाठी आहे? गणित करा. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. बत्तीस मिलिमीटरच्या ओ रुळांवर ते प्रमाण सुमारे १:२४ येते, आणि त्या प्रमाणात माणूस होतो जवळजवळ सात सेंटिमीटरचा, म्हणजे पावणेतीन इंचांचा. आपल्या तीन इंची बाहुलीला हे फरकासह चालून जाते.

याहून अरुंद हवी असेल तर नेरळहून माथेरानला जाणारी गाडी घ्या. १९०७ साली सुरू झालेली, दोन फूट रुळांची, नागमोडी वळणे घेत डोंगर चढणारी. दोन फूट म्हणजे ६१० मिलिमीटर. बत्तीसांनी भागता १:१९ येते. त्यात माणूस साडेतीन इंचांच्या आसपास होतो. म्हणजे तुमची बाहुली पावणेतीन इंचांची असेल तर बार्शी, साडेतीनची असेल तर माथेरान, आणि तीनची असून जागा मोठी असेल तर आपली जुनी मीटर गेज. बाहुली पाहून गाडीचे गाव ठरवावे. पंढरपूरचा देखावा मांडणाऱ्या घरांना तर बार्शी लाइटसारखी गाडी शोधूनही सापडणार नाही. पायरीवर विठ्ठल-रुक्मिणी उभी आहेतच, खाली त्यांची गाडी आली.

ही गाडी तयार मिळेल असे नाही. पण तिला लागते काय? चाके आणि मोटर असलेला चालता सांगाडा विकत घ्यावा. वरचा डबा जाड पुठ्ठ्याचा करावा, तो घरातील मुलांनी करावा. दाराची उंची मात्र बाहुलीजवळ धरून ठरवावी. डोके दाराच्या वरच्या चौकटीला किंचित कमी पडले पाहिजे. डब्याची लांबी हवी तितकी आखडावी. खरा डबा आठ खिडक्यांचा असेल तर आपण चार ठेवाव्या, कोणी मोजणार नाही. लांबीत काटकसर क्षम्य आहे. दार, पायरी, बाक, बैल आणि माणूस यांच्या उंचीत काटकसर क्षम्य नाही, कारण डोळा तेथेच हिशेब मागतो.

आता देवळाचे काय? बृहदीश्वराचे विमान सुमारे ६६ मीटर उंच आहे. १:२२.५ ने ते केले तर २.९ मीटरचे होईल, आणि कळस छताला टेकेल. येथे भावाचे आणि मोजपट्टीचे, दोन्ही मापे हार खातात. पण आपल्याच गावातील कारागिरांनी याचे उत्तर करून ठेवले आहे. नेट्टीच्या, म्हणजे आपण ज्याला भेंड म्हणतो त्याच्या, पांढऱ्याशुभ्र गाभ्यातून कोरलेले बृहदीश्वराचे देऊळ काचेच्या पेटीत घालून विकतात. बाशिंगाचे भेंड ते हेच. अशी फूटभर उंचीची प्रतिकृती घेतली तर तिचे प्रमाण १:२२० होते. तिला गावाच्या मधोमध ठेवले तर ती तुळशीवृंदावनासारखी दिसेल. तिला मागे न्यावे. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपासून गाव एक मीटरवर असले आणि देऊळ दीड मीटरवर असले, तर १:२४ च्या हिशेबाने गाव चोवीस मीटरवर भासते आणि १:२२० च्या हिशेबाने देऊळ तीनशे तीस मीटरवर. म्हणजे अर्ध्या मीटरच्या जागेत आपण तीनशे मीटरचे अंतर उभे केले. मध्ये नाचणीचे शेत उगवू द्यावे, म्हणजे जमिनीचा सांधा दिसत नाही. मात्र देखावा थेट जमिनीवर न ठेवता चौरंगावर उचलून ठेवावा आणि पाहुण्यांना बसावयास लावावे. उभ्याने वरून पाहिले की अंतराची सारी जादू नाहीशी होते. नाहीतरी कोलूला आलेल्या पाहुण्याने बसून एखादे गाणे म्हणावे अशीच रीत आहे.

राहिल्या त्या मोठ्या बाहुल्या, एक फुटाचा चेट्टियार, मरप्पाचीची जोडी, तंजावूरची मान डोलावणारी राणी. यांना देखाव्यात उतरवू नये. यांचे स्थान पायरीवर आहे. पायरी आणि देखावा यांच्यामध्ये हातभर मोकळी जागा सोडावी, किंवा तेथे समयांची रांग मांडावी. तेवढ्याने डोळ्याला कळते, की इकडे गाडीचे जग आहे आणि तिकडे देवाचे. तलैयाट्टी बाहुली तर गाडीच्या धक्क्याने स्वतःच मान हलविते. गाडी तिच्या मापाची नसली तरी ती तिचे स्वागत करते, असे समजावे.

वडीलधाऱ्यांपैकी काहींचा एक आक्षेप मला ठाऊक आहे. ते म्हणतात, कोलू ही पूजा आहे, प्रदर्शन नव्हे. मोजपट्टी आणि मोटर आली की भक्ती जाते. हा आक्षेप मी हलका मानीत नाही. बक्षिसासाठी मांडलेला कोलू आणि देवीसाठी मांडलेला कोलू यांत फरक पडतो, हे खरे आहे. परंतु माझे म्हणणे नीट ऐकावे. मोजपट्टी मी पायरीवर नेत नाही, पायरीच्या खालीच थांबवितो. तिच्यामुळेच वरच्या मूर्ती सुरक्षित राहतात. आज जे हिशेबाने मापे जुळवू शकत नाहीत, तेच कंटाळून जुन्या बाहुल्या काढून टाकतात. शिवाय पुठ्ठ्याचा डबा करीत बसलेला नातू त्या निमित्ताने आजीच्या भाजीवालीला हातात घेतो, तिची उंची मोजतो, ती कोठून आली हे विचारतो. एरवी त्याने तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नसते.

आणि आक्षेप घेणाऱ्यांना मी इतकेच स्मरण देईन, की आपण स्वतः या गावात पाहुणे म्हणून आलो. १६७० नंतरच्या दशकात व्यंकोजी राजांबरोबर आणि त्यांच्या मागून आपले पूर्वज येथे आले, तेव्हा येथील गाव वसलेले होते, देऊळ साडेसहाशे वर्षांचे झाले होते. आपल्या पूर्वजांनी देवळाला आपल्या मापाचे केले नाही. त्याच्या भिंतीवर मराठीत आपल्या घराण्याचा इतिहास कोरला, तो १८०३ साली, पण भिंत राजराज चोळाचीच राहू दिली. मागून येणाऱ्याने कसे वागावे, याचा तो धडा आहे. गाडीनेही तसेच वागावे.

शेवटी एक सूचना मांडून मी आपली रजा घेतो. या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मंडळाने बाहुल्यांची एक वही करावी. प्रत्येक सभासदाने या वर्षी कोलू उतरविताना आपल्या बाहुल्या मोजाव्या आणि वहीत लिहावे, कोणती बाहुली, किती इंचांची, कशाची, मातीची की कागदाच्या लगद्याची की लाकडाची, घरात कोणाच्या हातून आली. तोच मजकूर एका चिठ्ठीवर लिहून बाहुलीच्या कापडात गुंडाळावा. बाहुलीच्या अंगावर किंवा बैठकीवर मात्र काही लिहू नये, आणि माप जुळविण्यासाठी जुनी बैठक कापूही नये. दोन घरांत एका मापाचे अर्धे अर्धे संच असतील, तर वहीवरून ते कळेल. ते नवरात्रापुरते एकत्र आणून मंडळाच्या सभागृहात एक गाव वसविता येईल. ज्यांना घर लहान झाल्यामुळे बाहुल्या सांभाळणे अशक्य झाले आहे, त्यांनी त्या बाहेर देण्यापूर्वी वहीत नोंद करून मंडळाला विचारावे. मंडळाच्या कपाटात दोन फळ्या त्यांच्यासाठी मोकळ्या करून द्याव्या, अशी मी अध्यक्षांना विनंती करतो.

गाडीची चिंता करू नये. रुळांचे वर्तुळ आणि चालता सांगाडा मी देतो. डबे मुलांनी करावेत. ते किती उंच करावयाचे, हे मात्र वहीतील पहिल्या पानावर जिची नोंद होईल त्या बाहुलीला विचारून ठरवू.